पुतळा कुणाचा, पदरमोड कुणाची?

इस्पितळाच्या आवारात पुतळे, शिल्पे, कारंजी असावीत की नसावीत, हा काय कामगार चळवळीचा प्रश्न झाला, असे आमचे काही साथी विचारतील. आमचे उत्तर आहे, होय, हा आपलाच प्रश्न आहे. इस्पितळ ही कामगाराची जागा आहे. लाईनवर जखमी झालेला ट्रॅकमन तिथेच आणला जातो, पोस्टमनची बायको तिथेच बाळंत होते, निवृत्तीनंतरची निम्मी हजेरी तिथल्याच रांगेत लागते. तिथे राबणारी परिचारिका, आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार हेसुद्धा आपल्यासारखेच पगारावर जगणारे लोक आहेत. अशा जागेत कोणाची मूर्ती उभी करायची, कोणाच्या पैशाने करायची आणि तिच्या चौथऱ्यावर कोणाचे नाव कोरायचे, हे साहेबाच्या चेंबरमध्ये आणि कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये ठरू द्यायला आम्ही तयार नाही.

या प्रश्नावर आज दोनच आवाज ऐकू येतात. पहिला आवाज प्रशासनाचा. सुशोभीकरणाचा ठराव होतो, दर्शनी भागात हिरवळ लागते, एखादा पुतळा बसतो, फीत कापली जाते, फोटो निघतो. आत वॉर्डात एक परिचारिका किती खाटा सांभाळते, हे फोटोत दिसत नाही. दुसरा आवाज आपल्याच माणसांचा. "गोळ्या मिळत नाहीत आणि पुतळे कसले उभारता?" हा संताप खरा आहे आणि त्याला कारणही आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र प्रशासनाच्या पथ्यावर पडणारा आहे. कामगाराला फक्त गोळी पुरे, सुंदर काही पाहण्याची त्याला गरज नाही, हे मालकाचेच जुने म्हणणे आपण आपल्या तोंडाने बोलू लागतो. म्हणून या दोन्ही आवाजांशी आमचे भांडण आहे.

उदाहरण आम्ही दूरचे घेतो, लंडनमधल्या सेंट टॉमस इस्पितळाचे. कारण तीनशे वर्षांचा हा सगळा खेळ तिथे एकाच आवारात मांडलेला आहे, आणि आज कोणीही पादचारी तो थेम्स नदीच्या काठाने चालत पाहू शकतो.

रेल्वेने हलवलेले इस्पितळ

रेल्वेच्या साथींना हे ठाऊक असलेले बरे की हे इस्पितळ आजच्या जागी आले ते रेल्वेमुळे. पूर्वी ते लंडन ब्रिजजवळ होते. चेअरिंग क्रॉसपर्यंत लाईन वाढवण्यासाठी रेल्वे कंपनीला जागा हवी होती. १८६२ साली इस्पितळ तिथून उठले. पुढची नऊ वर्षे ते सरे गार्डन्स या करमणुकीच्या बागेत तात्पुरते चालले आणि १८७१ साली पार्लमेंटच्या बरोबर समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, नव्या इमारतीत गेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली परिचारिकांची शाळा सुरू केली ती याच इस्पितळात.

जुन्या जागेतून नव्या जागेत खाटा आल्या तसे पुतळेही आले. सहावा एडवर्ड राजा आला. सर रॉबर्ट क्लेटन आले. हे क्लेटन म्हणजे लंडनचे लॉर्ड मेयर, मोठे सावकार, इस्पितळाचे अध्यक्ष आणि देणगीदार. त्यांचा संबंध रॉयल आफ्रिकन कंपनीशीही होता. आफ्रिकेतून माणसे जहाजात कोंबून नेऊन विकणारी ती कंपनी. सेंट टॉमसच्या जोडीचे इस्पितळ गायज्. त्याचे संस्थापक टॉमस गाय यांचा पैसा वाढला तो साउथ सी कंपनीच्या शेअर्सवर, आणि ही कंपनीही गुलामांच्या व्यापारात होती. जून २०२० मध्ये ब्रिस्टलच्या लोकांनी गुलामांच्या एका व्यापाऱ्याचा पुतळा पाडून बंदरात ढकलला, तेव्हा कुठे या इस्पितळांच्या चालकांनी गाय आणि क्लेटन यांचे पुतळे लोकांच्या नजरेसमोरून हलवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यावर पुढे बराच वाद चालला.

आयजीच्या जिवावर बायजी उदार, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसे विकून आलेल्या पैशातला एक वाटा दान करायचा आणि त्या दानाच्या बदल्यात तीनशे वर्षे चौथऱ्यावर उभे राहायचे, हा त्या म्हणीचा अर्थ. ज्यांच्या घामातून आणि रक्तातून तो पैसा आला त्यांचे नाव कुठेही नाही. दाता दिसतो, देणे कुठून आले ते दिसत नाही. इस्पितळाच्या आवारातल्या पुतळ्यांचा पहिला धडा हा आहे.

कारंज्याला फिटर लागतो

त्याच आवारात एक वेगळे शिल्पही आहे. रशियात जन्मलेल्या नाउम गाबो या शिल्पकाराचे ते पोलादी कारंजे १९७० च्या दशकात तिथे बसले. त्यात कोणी राजा नाही, कोणी दाता नाही. वळवलेल्या पोलादी पात्यांतून पाण्याच्या बारीक धारा निघतात आणि सगळी आकृती सावकाश फिरते. पाण्याच्या धारा हाच त्या शिल्पाचा अर्धा भाग आहे.

आता आमच्यातलाच एखादा साथी म्हणेल, असल्या कलेतले आम्हाला काय कळते? आम्ही त्याला विचारतो, लोको शेडमध्ये तीस वर्षे काढलेल्या फिटरला वळवलेले पोलाद कळत नाही, तर मग ते कळते कोणाला? ज्याने वाफ, दाब आणि पाणी हातांनी ओळखले आहे त्याला या कारंज्यापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. उलट दोन गोष्टी त्याच्याच लक्षात आधी येतील. एक, असली चीज पंपावर चालते आणि पंप माणसावर चालतो. देखभालीचा माणूस काढला, वर्षाचे कंत्राट सगळ्यात स्वस्त बोलीवाल्याला दिले, की पाणी बंद पडणार. मग उरते ते नुसते लोखंड. दुसरी गोष्ट, वॉर्डातून व्हीलचेअरवर बाहेर आणलेल्या रोग्याला अर्धा तास त्या फिरत्या पाण्यापुढे बसता आले तर ती चैन नव्हे. त्याला उपचाराचाच भाग म्हणावे लागेल. आजारी माणसाला उजेड, हवा आणि नजरेला विसावा हवा, हे नाइटिंगेलबाईंनी दीडशे वर्षांपूर्वीच बजावून ठेवले आहे.

तेव्हा बाग नको, शिल्प नको, अशी आमची भूमिका नाही. आम्हाला बागही हवी आणि बागेचा माळीही हवा, तोही कायम नोकरीवर.

मेरी सीकोल आणि एका महिन्यातली दोन धोरणे

आता या आवारातला सर्वांत महत्त्वाचा पुतळा. मेरी सीकोल यांचा.

या बाईंचा जन्म १८०५ साली जमैकात झाला. आई औषधपाणी जाणणारी कृष्णवर्णीय, वडील स्कॉटिश सैनिक. क्रिमियाचे युद्ध सुरू झाल्यावर परिचारिका म्हणून जाण्यासाठी त्यांनी लंडनला येऊन अर्ज केले. त्यांना नकार मिळाला. १८५५ साली त्या स्वतःच्या खर्चाने क्रिमियात गेल्या, बालाक्लावाजवळ त्यांनी खाणावळवजा ठाणे उघडले आणि आजारी, जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. युद्ध संपले तेव्हा त्या कर्जबाजारी होऊन परतल्या. १८५७ साली सैनिकांनी त्यांच्या मदतीसाठी चार दिवसांचा समारंभ केला, तोही त्याच सरे गार्डन्समध्ये, जिथे पुढे सेंट टॉमस इस्पितळ तात्पुरते हलले. समारंभाला गर्दी लोटली, पण बागेची कंपनीच बुडीत निघाल्यामुळे बाईंच्या हाती फारच थोडे पडले. १८८१ साली त्या वारल्या आणि इंग्लंड त्यांना जवळजवळ शंभर वर्षे विसरले. त्यांच्या थडग्याचा जीर्णोद्धार १९७३ साली झाला आणि त्यात पुढाकार होता तो जमैकातून आलेल्या परिचारिकांचा.

पुतळ्याची मोहीम २००३ साली सुरू झाली. हजारो सामान्य लोकांनी पैसे दिले. परिचारिकांच्या आणि आरोग्य कामगारांच्या संघटना मोहिमेच्या पाठीशी उभ्या राहिल्या. जागेवरून मोठा विरोध झाला. हे इस्पितळ नाइटिंगेल यांचे, सीकोल इथे काम करत नव्हत्या, त्यांना खऱ्या अर्थाने परिचारिका म्हणता येत नाही, असे विरोधकांचे म्हणणे. इस्पितळाशी नाते लागतेच असेल तर माणसे विकणाऱ्या कंपनीशी संबंध असलेल्या क्लेटनसाहेबांच्या पुतळ्याला तीनशे वर्षांत हाच प्रश्न कितीदा विचारला गेला? तिथे देणगीची पावती पुरली. सीकोल यांना मात्र सेवेचे प्रमाणपत्र मागितले गेले. आणि जिचा अर्जच नाकारला तिला पुन्हा विचारायचे की तू नोकरीत कुठे होतीस, याला काय म्हणावे? भरती बंद ठेवायची आणि मग अनुभव नाही म्हणून उमेदवाराला परत पाठवायचे, हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नाही.

अखेर ३० जून २०१६ रोजी पुतळा उभा राहिला. शिल्पकार मार्टिन जेनिंग्ज. नाव घेऊन ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीचा ब्रिटनमधला हा पहिला सार्वजनिक पुतळा मानला जातो. बाई झपाझप चालताना दाखवल्या आहेत, तोंड पार्लमेंटकडे. मागे ब्राँझची प्रचंड तबकडी आहे, आणि तिच्यावर क्रिमियातल्या त्या ठाण्याच्या जमिनीचाच ठसा उठवलेला आहे.

इथपर्यंत आम्ही टाळ्या वाजवतो. पण हिशेब पुढे आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी या स्मारकासाठी २ लाख ४० हजार पौंड जाहीर केले. पैसा सरकारचा नव्हता. लायबॉर नावाच्या व्याजदरात लबाडी करणाऱ्या बँकांकडून वसूल केलेल्या दंडातला तो होता. आणि त्याच नोव्हेंबरात त्याच अर्थमंत्र्यांनी परिचारिकांचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा निर्वाहभत्ता बंद करून त्याजागी कर्ज देण्याचे धोरण जाहीर केले. २०१७ पासून नव्या विद्यार्थिनी कर्ज काढून परिचारिका होऊ लागल्या. त्याआधी २०११ पासून सरकारी नोकरांची दोन वर्षे पगारगोठवण झाली होती आणि २०१३ पासून वर्षाला एक टक्का वाढीची मर्यादा लादलेली होती.

एकाच महिन्यात दिवंगत परिचारिकेला ब्राँझ आणि जिवंत परिचारिकेला कर्ज! पुतळ्याला पगार द्यावा लागत नाही, तो रजा मागत नाही, संपावर जात नाही. मेलेल्या कामगाराचा गौरव करायला कोणतेही सरकार तयार असते. अडचण त्याला जिवंत कामगाराची असते. निर्वाहभत्त्याच्या प्रश्नावर विद्यार्थिनी गप्प बसल्या नाहीत, रस्त्यावर उतरल्या, आणि २०२० मध्ये सरकारला काही प्रमाणात अनुदान परत सुरू करावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये परिचारिकांच्या रॉयल कॉलेजने इंग्लंडमध्ये आपल्या इतिहासातला पहिला संप केला, तेव्हा सेंट टॉमसच्या दारातही फलक घेऊन परिचारिका उभ्या होत्या. त्या दिवशी मेरी सीकोल यांचा पुतळा खऱ्या अर्थाने आपल्या माणसांत आला, असे आम्ही मानतो.

भिंतीवरचे बदाम

याच इस्पितळाच्या नदीकडच्या भिंतीवर आणखी एक स्मारक आहे आणि ते कोणत्याही समितीने मंजूर केलेले नव्हते. कोविडमध्ये ज्यांची माणसे गेली त्या कुटुंबांनी २९ मार्च २०२१ रोजी तिथे लाल रंगाचे बदाम काढायला सुरुवात केली. एका मृतामागे एक बदाम. जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब भिंत भरली. आकडा २ लाख ४० हजारांच्या वर गेला. लोक आपल्या माणसाच्या बदामात त्याचे नाव लिहितात, स्वयंसेवक रंग उडालेले बदाम पुन्हा रंगवतात. समोर पार्लमेंट आहे.

ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२० मध्ये याच इस्पितळात अतिदक्षता विभागात ठेवले होते. बरे होऊन बाहेर आल्यावर त्यांनी परिचारिकांचे मनापासून आभार मानले. देशभर दर गुरुवारी टाळ्या वाजत होत्या. वर्ष उलटताच, मार्च २०२१ मध्ये, त्यांच्या सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांना पगारवाढ सुचवली ती एक टक्क्याची. ओरड झाल्यावर ती तीन टक्के करावी लागली. टाळी फुकट असते, म्हणून ती मोठ्याने वाजते.

आपल्या अंगणात

हे वाचून लंडनला हसण्याचे आपल्याला कारण नाही. २२ मार्च २०२० रोजी आपल्याकडे थाळ्या वाजल्या. मार्च अखेरीस रेल्वे कामगारांचा एक दिवसाचा पगार, म्हणजे १५१ कोटी रुपये, पंतप्रधान निधीला देण्याचे जाहीर झाले. २३ एप्रिलला केंद्र सरकारने आदेश काढला आणि केंद्रीय कर्मचारी व निवृत्तांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. त्यानंतर दहाच दिवसांनी, ३ मे रोजी, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून देशभरच्या इस्पितळांवर फुलांचा वर्षाव झाला. वरून फुले आणि खालून पाकीटमारी. १ जुलै २०२१ पासून भत्ता पुन्हा सुरू झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. मार्च २०२३ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले. या रकमेतून किती वॉर्ड, किती खाटा आणि किती परिचारिकांचे पगार झाले असते, याचे त्रैराशिक शाळकरी मूलही मांडेल.

त्या काळात मालगाड्या थांबल्या नाहीत, श्रमिक गाड्या धावल्या, डबे विलगीकरणाचे वॉर्ड बनले. पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक औषधांची पार्सले आणि पेन्शनचे पैसे घेऊन दारोदार फिरले. मे २०२१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनीच सांगितले की तोवर १,९५२ रेल्वे कर्मचारी कोविडने गेले होते. ही नावे कुठे कोरली आहेत? ज्या इस्पितळांत त्यांनी शेवटचा श्वास घेतला त्यांच्या आवारात या नावांना एक साधा दगड तरी मिळाला आहे का, हे प्रत्येक शाखेने आपल्या डिव्हिजनमध्ये जाऊन पाहावे.

असे स्मारक होऊ शकते, हे आपल्याला भोपाळने दाखवले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा भोपाळ स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांनी जागा सोडली नाही. गाड्या पुढे काढल्या, प्रवाशांना वाचवले. कामावर प्राण गमावलेल्या या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक त्या स्टेशनवर आहे. त्यापुढून जाताना गँगमनही थांबतो आणि जनरल मॅनेजरलाही थांबावे लागते. इस्पितळाच्या आवारात आम्हाला हवे आहे ते असे काही.

तर मग काय करायचे?

काही जण म्हणतील, ही सगळी भावनेची गोष्ट झाली, आधी रिकाम्या जागा भरण्यासाठी लढा. आम्ही लढतोच आहोत. पण स्मरण आणि भाकरी यांत भांडण लावण्याचे काम आपण करू नये. ज्या कामगाराचे नाव कोणी लक्षात ठेवत नाही, त्याची जागा रद्द करणेही सोपे जाते. पद सरेंडर करताना फाइलवर आकडा असतो, माणूस नसतो. नावे दगडावर आली की त्या आकड्यांना चेहरे येतात. म्हणून स्मरणाची मागणी ही भरतीच्या मागणीचीच दुसरी बाजू आहे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. इस्पितळाच्या आवारात शिल्प, बाग किंवा स्मारक उभारायचे असेल तर त्याचा निर्णय कर्मचारी संघटना आणि रुग्णांचे प्रतिनिधी यांना बरोबर घेऊन व्हावा. त्याचा खर्च आणि त्याच इस्पितळातल्या रिकाम्या पदांची यादी एकाच फलकावर, उद्घाटनाच्या दिवशी, सर्वांना वाचता येईल अशी लावावी. संमतीशिवाय कोणाच्याही पगारातून वर्गणी कापू नये. चौथऱ्यावर उद्घाटकाच्या नावाआधी तिथे राबून गेलेल्यांची नावे यावीत, आणि त्यात कंत्राटी सफाई कामगाराचे नावही असावे. कोविडमध्ये गेलेल्या रेल्वे आणि टपाल कर्मचाऱ्यांची नावे आपापल्या इस्पितळात, दवाखान्यात किंवा कार्यालयाच्या आवारात कोरली जावीत. ग्रामीण डाकसेवकाला नियमित कर्मचारी मानले जात नाही, ही सबब या दगडापुरती तरी कोणी सांगू नये. आणि बाग फक्त दर्शनी भागात नको. जिथे रुग्णाचे नातेवाईक डबा घेऊन जमिनीवर बसतात, सावली तिथे हवी.

साथींनो, राजे आणि सावकार यांना आपल्या पुतळ्यांची काळजी करावी लागली नाही, त्यांचा पैसा ती काळजी घेत होता. मेरी सीकोल यांचा पुतळा परिचारिकांच्या आणि सामान्य माणसांच्या वर्गणीतून उभा राहिला. भिंतीवरचे बदाम तर लोकांनी परवानगीची वाट न पाहता काढले. आपल्या माणसांची नावे कोरायची असतील तर ती यादी प्रशासन करणार नाही. येत्या शाखा सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. आपल्या शेडमधून, आपल्या सेक्शनमधून, आपल्या पोस्ट ऑफिसातून आणि आरएमएसमधून कोण गेले, त्यांची नावे लिहायला बसा. त्याच कागदाच्या पाठीमागे आपल्या इस्पितळातली रिकामी पदे लिहा. दोन्ही बाजूंनी भरलेला तो एकच कागद घेऊन आपण साहेबांच्या टेबलापाशी जाऊ.